मदत हवी आहे: अंगणात रेंज, माजघरात शून्य

राजापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. भिंती जांभ्याच्या, दीड हात जाड. आईचा साधा चार वर्षांचा फोन माजघरातसुद्धा दोन कांड्या दाखवतो. भाच्याने अमेरिकेहून आणलेला माझा महागडा फोन मात्र उंबरठा ओलांडला की मुका! दोन्ही सिमची कंपनी एकच. सिमही अदलाबदल करून पाहिलं, फरक शून्य.

मग एका अ‍ॅपवर बँड, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर सिग्नल पकडतो ते, तपासले. आईचा फोन घरात बँड ८, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झ पकडतो. अंगणात दोन्ही फोन बँड ३ वर, म्हणजे १८०० वर. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बरी शिरते, एवढं मला ठाऊक आहे. माझ्या फोनच्या माहितीपत्रकात ३, ५, ४० आहेत, अमेरिकेतले १२, १३, ७१ आहेत, पण नेमका ८ नाही. टॉवर डोंगरापलीकडे, साधारण तीन किलोमीटरवर.

तर प्रश्न असा: नसलेला बँड सॉफ्टवेअरने सुरू होतो का, की हार्डवेअरच लागतं? दुसरं, पडवीत बाहेरच्या अँटेनाचा फोर-जी राउटर लावून वायफाय कॉलिंग (म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून फोन) केलं तर आवाज नीट येतो का? पावसाळ्यात कुणी वापरलंय? (सिग्नल वाढवणारा बूस्टर कृपया सुचवू नका, विनापरवाना लावणं बेकायदा आहे.)

तोवर मी फोन घेऊन तुळशीपाशी उभा. शेजाऱ्यांना वाटतंय, मामा भक्तिमार्गाला लागले.