मदत हवी: कॅनॉलच्या सायकलवाटेवरचे सोलर दिवे पहिल्याच पावसाळ्यात गेले, या वेळी काय बघून घ्यावे?

कॅनॉलपट्टी

नमस्कार मंडळी,

जाणकारांनी प्रकाश टाकावा म्हणून धागा काढतोय. विषयच तसा आहे.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. हायस्कूल डांबरी रस्त्याने सव्वाचार किलोमीटर आणि कॅनॉलच्या कडेच्या मुरमाच्या वाटेने २.६. पोरं अर्थातच कॅनॉलने जातात. शाळा साडेपाचला सुटते, दहावीचे जादा तास असले की साडेसहा. डिसेंबरात दिवस सहाच्या सुमारास मावळतो. त्यापुढची वाट म्हणजे एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला माणसाच्या दुप्पट उंच ऊस, आणि त्या उसात बिबटे राहतात हे जुन्नरचं नाव काढल्यावर वेगळं सांगायला नको. माझी पुतणी याच वाटेने येते. एका संध्याकाळी मोरीवर (वाटेवरच्या छोट्या पुलावर) बसून मोजल्या, साडेपाच ते सव्वासातमध्ये २३ सायकली गेल्या. त्यातल्या दोनच सायकलींना दिवा होता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ग्रामपंचायतीने १२ सोलर दिवे बसवले. एकच चपटा डबा, पॅनेल, बॅटरी, दिवा सगळं त्यातच. महिनाभर नुसता झगमगाट. जूनअखेर पाच गेले, गणपतीपर्यंत नऊ. उरलेले तीन रात्री अकराला मान टाकतात. पुरवठादार आता फोन उचलत नाही.

मी शेतकरी, पण मोटारी रिवाइंड करण्यापुरतं वायरिंग कळतं. बंद पडलेला एक डबा उतरवून उघडला. आत मुंग्यांचं वारूळ, पालीची दोन अंडी, आणि आइस्क्रीमच्या कपाएवढ्या चार नळकांड्या, म्हणजे बॅटरी. तिच्यावर ३.२ व्होल्ट, ३० एएच (अँपिअर-तास). पॅनेलच्या मागे १८ वॅट. डब्यावर मात्र ठसठशीत ६० वॅट! मग चालू असलेल्या दिव्याला मीटर लावला, २.१ अँपिअर. म्हणजे पावणेसात वॅटसुद्धा भरत नाहीत. तरी हा दिवा रात्रभर का चालत नाही?

आता नव्याने साडेतीन लाखांची सोय झालीय. आलेले दर एका दिव्याला १४ हजारांपासून २६ हजारांपर्यंत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा माल बोगस म्हणतो. वायरची लाईन ओढायची तर पथदिव्यांची आधीचीच थकबाकी आहे, त्यामुळे तो विषय भाऊसाहेबांनी (आमचे ग्रामसेवक) सुरुवातीलाच मोडीत काढला. मला विचारायचंय ते एवढंच, की पैसे पुन्हा पाण्यात जाऊ नयेत (इथे ते शब्दशः जाऊ शकतात) यासाठी कोटेशनमध्ये नेमकं काय बघू? सेन्सरवाले, म्हणजे कुणी जवळ आलं की उजेड वाढवणारे, घ्यावेत का? खांब किती अंतरावर लावावेत? आणि भाच्याने रात्री चकाकणाऱ्या रस्त्याचा व्हिडिओ पाठवलाय, तसलं काही आपल्याकडे जमेल का?

सोलरमिस्त्री

दादा, डबा उघडलात हेच मोठं काम केलंत. उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

लोक ३० एएच वाचून खूश होतात. पण ३० एएच १२.८ व्होल्टवर असेल तर ३८४ वॉट-अवर (वीज किती साठते याचं खरं माप, व्होल्ट गुणिले एएच), आणि ३.२ व्होल्टवर असेल तर फक्त ९६. चौथा हिस्सा. तुमचा दिवा ताशी पावणेसात खातो, म्हणजे १२ तासांच्या रात्रीला ८०. पॅनेल १८ वॅटचं. आडवं ठेवलेलं, वर धूळ, वायरीतली आणि बॅटरीतली घट धरली तर चांगल्या उन्हात दिवसाला साठेक हाती येतात. रोज ८० खर्च, ६० जमा. बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, म्हणून रात्र सरायच्या आतच संपते. जूनमध्ये आभाळ आलं की जमा आणखी निम्म्यावर. मग बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी पडून राहते आणि सेल मरतात. उरलेले तीन अकरालाच मान टाकतात, ते सेल असे अर्धमेले झाल्यामुळे. मुंग्या बिचाऱ्या नंतर आल्या.

कोटेशनमधले नुसते 'वॅट' आणि 'एएच' वाचून भुलू नका. बॅटरीचे वॉट-अवर लिहून मागा. बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेट जातीची, १२.८ व्होल्ट, ३० एएच. दिवा खरा १२ वॅट, पॅनेल ७५ वॅट, वेगळं, दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंश कललेलं. कलतं असलं की पहिल्या सरीत धुऊन निघतं. बॅटरीचा डबा पॅनेलच्या सावलीत, खांबाच्या वरच्या टोकाला. एकत्र डब्यात मे महिन्यात पॅनेल तापतं आणि त्याच्या पोटाशी चिकटलेली बॅटरी शिजते.

आणि रात्रभर पूर्ण उजेड कशाला? संध्याकाळी ६ ते १० पूर्ण, १० ते ५ पाव, ५ ते साडेसहा परत पूर्ण. हिशोब करा, ४८ अधिक २१ अधिक १८, झाले ८७ वॉट-अवर. तीन दिवस ऊन पडलं नाही तरी ३८४ ची बॅटरी पुरते. सलग १२ तास पूर्ण ठेवलात तर १४४ लागतील आणि दोन रात्रींत खेळ संपेल.

सेन्सरबद्दल: सायकल ताशी १५ ने आली तर सेकंदाला चार मीटर सरकते. सेन्सरने ओळखून दिवा वाढवेपर्यंत पोरगी खांबाखाली आलेली असते. पुढचा रस्ता दिसायला हवा, डोक्यावरचा नाही. जोडायचाच तर १० नंतरच्या पाव उजेडाला सेन्सर जोडा, शाळेच्या वेळेत नको. पण तेव्हाही गावातली कुत्री रात्रभर फेऱ्या मारून बॅटरी संपवतात, हे स्वानुभवाने सांगतो.

निवृत्त शाखाभियंता

वरचा हिशोब योग्य आहे. मी पाटबंधाऱ्यात होतो, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो.

ती वाट तुम्ही सायकलवाट म्हणता, कागदोपत्री ती कालव्याचा सेवापथ आहे. जमीन जलसंपदा विभागाची. ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेचा नकाशा जोडून उपविभागीय कार्यालयाची परवानगी आधी घ्या. गेल्या वेळी घेतली होती का? नसेल, असा माझा अंदाज.

परवानगी ही नुसती कागदी कटकट नाही. भरावात तीन-चार फुटांचा खड्डा घेऊन काँक्रीट ओतलं की माती आणि काँक्रीट यांच्या सांध्यातून पाणी वाट काढू शकतं. पाझर आज बोटाएवढा दिसतो, आवर्तन (कॅनॉलला ठरावीक काळाने सोडतात ते पाणी) सुटलं की भगदाड होतं. म्हणून खांब पाण्याच्या बाजूला अजिबात नको, शेताकडच्या अंगाला, भरावाच्या पायथ्याबाहेर. गाळ काढायला पोकलेन येतं तेव्हा त्यालाही वाट मोकळी लागते. नाहीतर पहिला खांब आमचेच लोक पाडतील आणि भांडण तुम्ही करत बसाल.

काळी माती असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि उथळ पायाचा खांब दोन वर्षांत पिसाच्या मनोऱ्यासारखा झुकतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. फाउंडेशन बोल्टचा सांगाडा काँक्रीटमध्ये, वर बेसप्लेट. खांब नुसता पुरून टाकू नका.

खडूस

सगळं ठीक आहे, पण बॅटऱ्या किती दिवस टिकणार? आमच्याकडे बसवल्यापासून विसाव्या दिवशी आठ गेल्या. विझल्या नाहीत हो, गेल्या. चोरट्यांनी जमिनीपासून चार फुटांवरचा डबा पान्याने उघडला होता. कुलूप मात्र शाबूत ठेवलं, तेवढी माणुसकी.

आणि कारखाना सुरू झाल्यावर काय? जोडट्रॉलीतून दोन्ही बाजूंना हात-हातभर ऊस बाहेर लोंबत असतो. आमचे तीन खांब त्यानेच वाकवले.

सोलरमिस्त्री

खडूसभाऊंचा मुद्दा खरा आहे. डबा वर पाच मीटरवर, आणि नट घट्ट झाल्यावर डोकं तुटून पडतं असे नट मिळतात ते वापरा. नाही मिळाले तर साधे नट आवळून दोन-दोन टाके वेल्डिंग. दुरुस्तीच्या वेळी ग्राइंडर लागेल, लागू दे. ट्रॉलीसाठी खांबाभोवती दोन फूट उंच काँक्रीटचा चौथरा करा आणि त्याला पिवळे-काळे पट्टे मारा.

पॅडलमारू

मी रोज सायकल चालवतो म्हणून वेगळं बोलतो, राग मानू नका.

पाच मीटर उंचीच्या खांबाचा कामाचा उजेड १५-२० मीटर लांबीला पुरतो. २.६ किलोमीटरला २० मीटरवर एक धरला तर १३० खांब. तुमच्याकडे पैसे आहेत १४-१५ खांबांचे. ते समान अंतरावर वाटलेत तर दर पावणेदोनशे मीटरला एक प्रकाशाचं बेट आणि मध्ये काळोख. उजेडातून अंधारात शिरल्यावर डोळा काही सेकंद आंधळाच असतो, आणि ते काही सेकंद तुमच्या शेजारी कॅनॉल आहे. अर्धवट उजेड कधीकधी अंधारापेक्षा वाईट.

तेव्हा खांब वळणं, मोऱ्या, चारीचे (कॅनॉलमधून शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाचे) फाटे इथेच. उरलेल्या वाटेला पाण्याच्या कडेने दर १०-१२ मीटरला गुडघाभर उंचीचे खुंट आणि त्यावर रिफ्लेक्टरची पट्टी. मोरीच्या कठड्यांना पांढरा रंग. आणि २३ सायकलींना पुढे दिवा, मागे लाल दिवा. माझं तर म्हणणं हे काम खांबांच्या आधी करा. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, सायकलला दिवा असेल तरच तो चमकतो, म्हणून या दोन गोष्टी जोडीनेच.

चकाकणाऱ्या रस्त्याबद्दल: नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनजवळ २०१४ मध्ये तसा सायकलमार्ग झाला, दिवसा उजेड साठवून रात्री चमकणाऱ्या खड्यांचा. दिसतो देखणा. पण त्या चमकेत वाटेची कड कळते, वाटेवरचा दगड किंवा साप दिसत नाही. मलेशियाने मोटाररस्त्यावर तसला रंग मारून पाहिला आणि २०२४ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून नाद सोडला. भाच्याला सांगा, व्हिडिओ छान आहे.

(अवांतर: हैदराबादला आउटर रिंग रोडलगत २३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आहे, वर सोलरचं छप्पर. पण ते महानगराच्या खिशाचं काम.)

रातकिडा

दोन गोष्टी कुणी बोललं नाही.

दिवा पांढराशुभ्र, निळसर घेऊ नका. पाण्याकाठी त्यावर किडे-पाखरं तुटून पडतात. पाखरांमागे बेडूक, बेडकांमागे साप. खांबाखाली घोणस वेटोळं घालून बसलेली मी पाहिलीय. पिवळसर, ३००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) मागा, झोत फक्त खाली पडेल असा. उसावर उजेड नको, शेतकरीही कुरकुरतात.

दुसरं बिबट्या. दिवा लावला की तो येणार नाही, असं पोरांना सांगू नका. बिबटे आपल्या दिव्यांना सरावतात. उजेडाचा उपयोग एवढाच की तो असला तर लवकर दिसतो. त्यामुळे खांबाशेजारचं गवत आणि वाटेला लागून असलेली उसाची पहिली सरी मोकळी ठेवायला मिळाली, तर दिव्याइतकाच फायदा. आणि पोरं घोळक्याने, बोलत जाऊ द्यात.

कॅनॉलपट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. शाखाभियंता साहेब, तुमचा अंदाज बरोबर, परवानगी घेतलीच नव्हती. १२ पैकी चार खांब पाण्याच्या अंगाला भरावात आहेत. उद्याच भाऊसाहेबांच्या कानावर घालतो.

पॅडलमारू, राग कसला? १३० चा आकडा वाचून आधी डोकं गरगरलं, मग काल संध्याकाळी सातला पुतणीला घेऊन वाट चालत गेलो. खिशात माझी १४ जागांची यादी होती. सगळी वळणं आणि मोऱ्या, अगदी तुम्ही म्हणता तशाच. ती म्हणाली, "काका, वळणाचं काय नाय, तिथं आम्ही जोरात जातो. भीती या चढाला वाटते." चारीच्या फाट्यापुढे शंभरेक फुटांचा मुरमाड चढ आहे. तिथे सायकल चढत नाही, उतरून ढकलत न्यावी लागते. दोन्ही हात हँडलला, दप्तर पाठीवर, मान खाली आणि ऊस हाताच्या अंतरावर. मी बुलेटवरून जातो, मला तो चढ आहे हेच कधी जाणवलं नव्हतं. माझ्या यादीत ती जागाच नव्हती. आता तिथे दोन दिवे, आणि जमलं तर त्याच पैशांतून मुरमावर रोलर. चढ चालवत पार करता आला तर दिव्याचंही अर्धं काम झालं.

म्हणजे चढाला २, मोऱ्यांना ४, वळणांना ३, शाळेच्या फाटकाशी १. झाले दहा. उरलेल्या पैशांत खुंट, रिफ्लेक्टर आणि सायकलींचे दिवे. जुन्या १२ डब्यांच्या पॅनेलांचं काय करता येईल तेही सुचवा, टाकून द्यायला जीव होत नाही.

एक गोष्ट अडलीय. पॅनेल पुसायचं कोणी? फेब्रुवारीत पाचट पेटवतात तेव्हा आठवडाभर काळी राख उडते, आणि पाच मीटरवर शिडी लावून चढायला शिपाईमामा तयार नाहीत. त्यांचं वय ५७.

सोलरमिस्त्री

जुनी पॅनेलं चांगली असतील तर दोन-दोन जोडून शाळेच्या व्हरांड्यात बल्ब चालवा, नवी छोटी बॅटरी लागेल.

शिडी नको. बांबूला स्पंज बांधा, पाण्याचा पाइप त्यालाच सुतळीने. सकाळी पॅनेल गार असताना जमिनीवरूनच होतं. आणि पाच वर्षांची देखभाल करारातच लिहून घ्या, पैशांचा शेवटचा हप्ता पहिला पावसाळा काढल्यावर. माल खरा असेल तो याला तयार होतो.

कॅनॉलपट्टी

पावसाळ्यानंतरच्या हप्त्यावर एक पुरवठादार आत्ताच गळाला, १४ हजारवाला. दुसरा 'बघू' म्हणाला. वॉट-अवरच्या भाषेत निविदेचा मसुदा कुणाकडे तयार असेल तर कृपया इथेच टाका, सोमवारी मासिक सभा आहे.