मदत हवी आहे: धिंगरी अळिंबीतील कोडॉनवापराचा कल उत्परिवर्तनामुळे की नैसर्गिक निवडीमुळे?

नमस्कार. मी कोल्हापुरात जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्या घरी उसाच्या पाचटावर धिंगरी घेतली जाते. पाचटातील लिग्निन फोडण्यास हातभार लावणाऱ्या तिच्या लॅकेस या विकराचे जनुक यीस्टमध्ये चालवता येईल का, या विचारातून मी कोडॉनवापराकडे, म्हणजे एकाच अमिनो आम्लासाठी असलेल्या तीन बेसच्या पर्यायी संकेतांपैकी (कोडॉनांपैकी) कोणते जास्त वापरले जातात याकडे, वळले. धिंगरीच्या केंद्रकीय जनुकांत तिसऱ्या जागी जी किंवा सी हा बेस असलेले कोडॉन अधिक आढळतात, तर बेकरीच्या यीस्टचा ओढा ए आणि टी यांकडे आहे. त्यामुळे काही कोडॉन बदलावे लागतील. परंतु ते ठरवण्यापूर्वी मुळातला कल कशामुळे आला, हे मला समजून घ्यायचे आहे.

पीसी15 या एककेंद्रकी वाणाच्या जनुकसंचातून 300 बेसपेक्षा लहान, अपूर्ण किंवा मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिनाची साखळी थांबवणारा कोडॉन) येणारी जनुके मी वगळली. तंतुकणिकेतील जनुके वेगळी ठेवली, कारण तेथे यूजीए हा स्टॉप कोडॉन नसून ट्रिप्टोफॅनचा कोडॉन आहे. हे लक्षात येईपर्यंत माझे दोन दिवस वाया गेले. त्यानंतर राइट यांच्या 1990 च्या पद्धतीने प्रत्येक जनुकाची प्रभावी कोडॉनसंख्या काढली. ही संख्या 20 असेल तर प्रत्येक अमिनो आम्लासाठी एकच कोडॉन वापरला जातो, आणि 61 असेल तर सर्व पर्याय सारखेच वापरले जातात.

केवळ तिसऱ्या जागेच्या जीसी प्रमाणावरून (जी आणि सी यांच्या एकत्रित प्रमाणावरून) किती प्रभावी कोडॉनसंख्या अपेक्षित आहे हे दाखवणाऱ्या वक्ररेषेच्या खाली माझी बरीचशी जनुके येतात. शिवाय पहिल्या दोन जागांवरील जीसी प्रमाण तिसऱ्या जागेच्या प्रमाणासमोर मांडले असता रेषेचा उतार फारच कमी येतो. अशा आलेखांवरून नैसर्गिक निवड प्रबळ असल्याचा निष्कर्ष सर्रास काढला जातो, पण तो मला पटत नाही. पहिल्या दोन जागा बदलल्या की बहुतेक वेळा अमिनो आम्लच बदलते, म्हणून त्या प्रथिनाच्या गरजेने बांधलेल्या असतात आणि समानार्थी (एकाच अमिनो आम्लाच्या) कोडॉनांवर कोणतीही निवड नसली तरी उतार कमीच येईल. वक्ररेषाही तिसऱ्या जागी जी आणि सी, तसेच ए आणि टी, समप्रमाणात आहेत असे धरूनच काढलेली असते.

म्हणून त्याच जनुकांतील इंट्रॉनांचे, म्हणजे कापून टाकल्या जाणाऱ्या आणि कोडॉन म्हणून न वाचल्या जाणाऱ्या तुकड्यांचे, जीसी प्रमाण तुलनेसाठी घ्यावे असे मला वाटते. मात्र हे इंट्रॉन बहुधा 50 ते 60 बेसचेच असतात. दोन्ही टोकांचे आणि शाखाबिंदूचे (कापणीसाठी लागणाऱ्या आतल्या जागेचे) जतन झालेले भाग काढले की मोजण्यासारखे फारसे उरत नाही. प्रत्येक टोकाकडून किती बेस सोडावेत, आणि जीसी प्रमाण सारखे असलेल्या जनुकांचे इंट्रॉन एकत्र करून मोजणे ग्राह्य ठरेल का?

दुसरा प्रश्न कोडॉन अनुकूलन निर्देशांकाच्या संदर्भसंचाविषयी आहे; एखाद्या जनुकाचे कोडॉन भरपूर व्यक्त होणाऱ्या जनुकांच्या (म्हणजे संदर्भसंचाच्या) कोडॉनांशी किती जुळतात, हे तो निर्देशांक सांगतो. रायबोसोमच्या प्रथिनांची सुमारे 80 जनुके घेण्याची रीत आहे, परंतु ती बहुतांशी लहान असल्याने माझ्या 300 बेसच्या चाळणीत त्यांपैकी काही गळतात. ही अट फक्त त्यांच्यापुरती शिथिल करावी, की पाचटासारख्या माध्यमावर वाढणाऱ्या कवकजालात सर्वाधिक व्यक्त होणारी जनुके निवडावीत? अळिंबी किंवा इतर कवकांवर असे काम केलेल्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा. माझी गणनेची फाइल दाखवण्याची तयारी आहे.