‘ब्रिगिड’, ‘बृहती’ आणि केल्टिक देवींची नावं

प्रश्न : आयर्लंडच्या ब्रिगिड देवीचं नाव आपल्या ‘बृहती’शी जुळतं असं ऐकलं. खरं आहे, की नुसतं ध्वनिसाम्य? घर, पाणी, सुबत्ता यांच्या इतर केल्टिक देवींच्या नावांचे अर्थही हवे आहेत.

उत्तर : खरं आहे. केल्टिक भाषा (आयरिश, वेल्श, प्राचीन गॉलिश वगैरे) आणि संस्कृत एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. ब्रिगिडचं मूळ रूप ‘ब्रिगंती’, म्हणजे उंच, थोर. संस्कृतात तेच ‘बृहती’ झालं. ‘बृहन्महाराष्ट्र’मधला ‘बृहत्’ याच घरातला. घराशी तिचं नातं जास्त दिसतं ते आयर्लंडातल्या किल्डेअरच्या, तिच्याच नावाच्या संत ब्रिगिडच्या परंपरेत. तिथला अखंड अग्नी प्रसिद्ध आहे आणि १ फेब्रुवारीच्या सणाला लव्हाळ्याचा क्रॉस विणून घरात लावतात. २०२३पासून आयर्लंडात या सणाची सार्वजनिक सुट्टीही असते.

घराची देवी म्हणाल तर गॉलमधली, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या भागातली, नांतोसुएल्टा. फ्रान्समधल्या सारबूरला १८९५मध्ये सापडलेल्या शिल्पात तिच्या हातात लांब काठी आहे आणि काठीच्या टोकावर चक्क एक इवलंसं घर! नावातल्या ‘नांतो’चा अर्थ मात्र दरी किंवा ओढा, वेल्श भाषेत ओढ्याला आजही ‘नांत’ म्हणतात. सुबत्तेची रोस्मेर्टा. तिच्या नावाचा अर्थ ‘भरभरून देणारी’ असा लावतात.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती बोआन, आयर्लंडच्या बॉइन नदीची देवी. दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने या नदीचं नाव ‘बुविंदा’ असं नोंदवलंय. ‘बु’ म्हणजे गाय, आपल्या ‘गो’चा सख्खा भाऊ, ‘विंदा’ म्हणजे पांढरी. नदीला शुभ्र गाय म्हणणारी ही माणसं! कथा अशी : सेगाशच्या विहिरीजवळ जायची मनाई असताना बोआन गेली आणि तिने विहिरीला उलटी प्रदक्षिणा घातली. पाणी उसळलं, तिच्या मागे समुद्रापर्यंत धावलं, ती त्यात बुडाली आणि तीच नदी झाली.

प्रश्न : उलटी प्रदक्षिणा? म्हणजे सुलट-उलट त्यांच्याकडेही?

उत्तर : हो, आणि शब्दही तोच! जुन्या आयरिशमध्ये उजव्या बाजूला ‘देस्स’ म्हणतात. तो आणि ‘दक्षिण’ एकाच मुळातले. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘उजवा’ही आणि ‘दक्षिण दिशा’ही, कारण दिशा मोजायच्या त्या पूर्वेला तोंड करून. उजव्या अंगाने, सूर्याच्या गतीने फिरणं म्हणजे ‘देशल’, शुभ. आपली प्रदक्षिणा तीच.

प्रश्न : मग आयरिश देवी ‘दानू’ आणि ऋग्वेदातली वृत्राची आई ‘दानु’ एकच का?

उत्तर : इथे जपून. आयरिश ग्रंथांत ‘दानन’ हे षष्ठीचं रूप येतं. ‘दानू’ ही प्रथमा अभ्यासकांनी त्यावरून बांधली आहे. डॅन्यूब नदीचं नाव आणि वैदिक ‘दानु’ (द्रव, थेंब) यांचं नातं मानलं जातं, पण तेवढ्यावरून दोन्ही देवी एक ठरवू नयेत. बृहती आणि ब्रिगिडची जोडी ध्वनिनियमांनी अक्षर न् अक्षर जुळते. इथे तसं होत नाही.