नळीवरची बारीक अक्षरे आणि ब्रशचे टोक

जलरंग शिकताना २४ रंगांची पेटी घ्यावी की मोजक्या नळ्या, या आपल्या प्रश्नावर किमतीची चर्चा पुरेशी झाली आहे. मला नळीवरच्या बारीक अक्षरांबद्दल लिहावेसे वाटते. रंगाचे नाव उत्पादक आपल्या मर्जीने ठेवतो, परंतु रंगद्रव्याचा, म्हणजे रंग देणाऱ्या मूळ पदार्थाचा, संकेतांक सर्वत्र एकच असतो. उदाहरणार्थ, पीबी २९ (PB29, यातले पीबी म्हणजे 'पिगमेंट ब्लू') म्हणजे अल्ट्रामरीन निळा, मग नळीवर नाव काहीही छापलेले असो. शक्यतो एकच रंगद्रव्य असलेल्या नळ्या निवडाव्यात, कारण प्रत्येकी दोन-तीन द्रव्यांचे तयार रंग एकमेकांत मिसळले की पुष्कळदा मळकट करडी छटा हाती येते आणि दोष मात्र आपण स्वतःच्या हाताला देत बसतो (मीही बराच काळ दिला). नावापुढे 'ह्यू' लिहिले असेल, तर मूळ द्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य वापरलेले असते. ते वाईटच असते असे नाही. अस्सल अलिझारिन क्रिमझन हा गडद लाल रंग, म्हणजे पीआर ८३ (PR83), मात्र उजेडात फिका पडतो, म्हणून जपून ठेवायच्या चित्रात तो टाळावा.

ब्रशच्या बाबतीत सुरुवातीला एक बऱ्यापैकी मोठा गोल ब्रश आणि एक चपटा ब्रश पुरतो. क्रमांकावर फार विसंबू नये, कारण एका उत्पादकाचा ८ क्रमांक दुसऱ्याच्या १० एवढा भरू शकतो. गोल ब्रश पाण्यात भिजवून झटकल्यावर त्याला आपोआप टोक येते का, एवढे पाहावे. येत असेल, तर कृत्रिम केसांचा ब्रशही उत्तम चालतो.