रविवारची मिसळ: कुठे, कोणाबरोबर, किती वेळ?

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास नाशिकमध्ये कोणालाही फोन लावा, मागून नावं पुकारल्याचा आवाज येतो. उशिराचा नाश्ता आणि लवकरचं जेवण एकाच ताटात उरकायची ही आपली पद्धत: मोड आलेली मटकी, शेव, कांदा, लिंबू, दही, पापड, पाव आणि शेजारी रश्श्याचं भांडं. पूर्वी यासाठी मेनरोड, रविवार कारंजा, पंचवटी गाठावं लागे. आता गंगापूर रोडला, मखमलाबादला, शेताच्या बांधावर झोपाळे आणि चुली मांडून मिसळ मिळते. कोणती मिसळ भारी हा वाद नेहमीचाच आहे, तो आज नको. तुम्ही कोणाबरोबर जाता आणि तिथे काय घडतं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. आम्ही तिघे भाऊ, एक सिडकोत, एक नाशिकरोडला, मी म्हसरूळला. आई गेली आणि सणाचं एकत्र येणं थांबत गेलं. थोरल्यानं मिसळीचा रविवार ठरवला. टेबल मिळेपर्यंतचा तास हीच आमची खरी भेट. शेतीच्या वाटणीची बोलणीसुद्धा त्या बाकड्यावर झाली आणि आवाज न चढता झाली. घरात ती झाली असती असं मला वाटत नाही.

पंचवटीहून

मी काळ्या रश्श्याचा माणूस. आमच्या भागात अंबिकाची काळी मिसळ खातच पोरं मोठी झाली. बाहेरगावचे पाहुणे रंग बघून बिचकतात, म्हणून सांगतो. कांदा तेलात पार तपकिरी होईपर्यंत परतायचा, सुकं खोबरं खमंग भाजायचं, धणे, लवंग, मिरी, तमालपत्र, दगडफूल वेगवेगळं भाजून घ्यायचं आणि मग सगळं एकत्र वाटायचं. तो रंग भाजणीचा आहे. खोबरं जरा जास्त भाजलं गेलं की अख्खा रस्सा कडू होतो, म्हणून भाजणीला हात जुनाच लागतो. वडील गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, आंघोळ करून आले की मला घेऊन जायचे. आता मी नातवाला नेतो. त्याला दही घालून देतो, तिखट हळूहळू वाढवतोय.

सातपूरहून

रात्रपाळी सुटली की आम्ही चौघे थेट मिसळीवर. त्या वेळी रांग नसते, रस्सा नुकता उकळलेला असतो. घरी जाऊन झोपायच्या आधी पोटात गरम काही गेलं की बरं वाटतं. आमचा रविवार तेवढाच, पण तो आम्ही सोडत नाही.

मखमलाबादहून

मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. आमची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेला आम्ही मिसळ सुरू केली. रविवारची तयारी शुक्रवारी लागते. मटकी रात्रभर भिजते, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली की रविवारपर्यंत मोड येतात. थंडीत मोड मागे राहतात, मग गाठोडी चुलीजवळच्या उबेला ठेवते. मोड फार लांबले तर मटकी शिजताना मोडते, म्हणून पहाटे उठून आधी फडकं सोडून बघते.

लोकांना वाटतं, द्राक्षं बारा महिने लटकलेली असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि त्यानंतर साधारण चार महिन्यांनी माल. छाटणीनंतर वेली अगदी उघड्या दिसतात. तेव्हा आलेली माणसं विचारतात, बाग वाळली का? त्यांच्या मुलांना मी काडीवरचा फुटणारा डोळा दाखवते. अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या रोगाची भीती, मग फवारणी आलीच. त्या दिवशी बागेकडची बाजू दोरी लावून बंद ठेवतो. कृपा करून दोरी ओलांडू नका, मुलांना मणी तोडू देऊ नका. आमचं वर्षाचं पीक आहे ते.

मिसळीनं आम्हाला काय दिलं, तर दर आठवड्याला हातात रोख पैसा. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदाच, आणि तोही व्यापाऱ्यानं दिला तर. सासूबाई चुलीवर भाकरी टाकतात. पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्याजवळ बसून शिकून घेतात. सासूबाईंचं इतकं कौतुक घरात आम्हीही कधी केलं नव्हतं.

इंदिरानगरहून

वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. एका गाजलेल्या ठिकाणी आम्ही दीड तास थांबलो. बसायला सावलीत एक खुर्ची मिळेना, विचारलं तर "नंबर आल्यावर बोलवू" एवढंच उत्तर. इतका गल्ला जमतो, तर म्हाताऱ्या माणसांसाठी चार खुर्च्या आणि वेगळा नंबर ठेवायला काय हरकत आहे? मला याचा खरंच राग आला. वडिलांना सायंतारातला साबुदाणा वडा आवडतो, तो हल्ली घरी आणतो.

कॉलेजरोडहून

थोडं वेगळं लिहिते. आईच्या साठीला आम्ही मोठ्या हॉटेलातला रविवारचा बुफे केला. आईनं आयुष्यभर सगळ्यांना वाढून शेवटी ताट घेतलं. त्या दिवशी ती पहिली उठली, स्वतःला हवं ते घेतलं, पुन्हा गेली, पुन्हा घेतलं. पदार्थ फार लक्षात नाहीत. खर्च मिसळीच्या कितीतरी पट झाला, तरी मी तो परत करेन.

गंगापूर रोडहून

एका मिसळीच्या ठिकाणी मी नावं लिहून घ्यायचं काम करतो. वरची खुर्चीची तक्रार वाचली, बरोबर आहे. म्हातारं माणूस सोबत असेल तर नाव लिहितानाच सांगा, आम्ही आत कुठेतरी बसवतो. गर्दीत आमच्या नजरेतून सुटतं. दहा जणांचं नाव दिलं की दोन शेजारची टेबलं एकाच वेळी सुटेपर्यंत थांबावं लागतं. तुमच्या मागचे चौघे आधी आत गेले की लोक भांडतात, पण कारण तेवढंच असतं. पाच-पाच करून नाव दिलं तर लवकर बसाल. साडेनऊ ते साडेअकरा सगळ्यात जास्त दाटी. आठला आलात तर दारातून सरळ टेबलावर. आणि पार्सल न्यायचं असेल तर घरून स्टीलचा डबा आणा. पिशवीत गरम रस्सा भरायला आम्हालाही आवडत नाही. डबा असला की मी वरून तर्री थोडी जास्तच घालतो.