मदत हवी आहे : पुण्यात ट्रान्स व्यक्तींशी नीट वागणारे डॉक्टर?

नमस्कार मंडळी. माझी मैत्रीण ट्रान्स स्त्री आहे, हार्मोन्स सुरू आहेत. आधी ती इथल्या मित्र क्लिनिकमध्ये जायची. तिथे ट्रान्स कर्मचारीच असायचे, त्यामुळे साध्या तापासाठीही बिनधास्त जायची. अमेरिकेचा निधी थांबला आणि २०२५च्या सुरुवातीला ते बंद पडलं.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका दवाखान्यात केसपेपरवरचं जुनं नाव मोठ्याने पुकारलं. अख्ख्या बाकड्याने वळून पाहिलं. ही नंबर सोडून घरी! आता गोळ्यांचा डोस स्वतःच ठरवतेय, रक्ततपासणीही टाळतेय. मला त्याचीच धास्ती वाटते.

कुणाला चांगले एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) माहीत आहेत का? ट्रान्स व्यक्तींसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचं, आयुष्मान भारत टीजी प्लसचं कार्ड प्रत्यक्ष वापरलंय का कुणी? तिच्याकडे ट्रान्सजेंडर ओळखपत्र आहे. मेसेज केलात तरी चालेल.