प्रार्थना करूनही आत कोरडंच वाटतं, श्रद्धा संपली का?

प्रश्न: आई गेल्यापासून दर रविवारी चर्चला जाते, गीतं म्हणते पण आत काहीच हलत नाही. देव हवाय, पण तो ऐकतोय का तेच कळेना. कुणाला झालंय असं?

उत्तर: अगं मदर तेरेसांची पत्रं 2007 ला छापून आली ती वाच, कोलकात्यातलं काम सुरू झालं तेव्हापासून वर्षानुवर्षं आत अंधारच होता त्यांच्या, तरी प्रार्थना आणि काम चालूच.

उत्तर: सगळ्यांना संत व्हायला नका सांगू राव 🙂 ताई, बायबलमधलं स्तोत्र 88 बघा. बाकी बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत कुठेतरी आशा डोकावते, हे सरळ अंधारातच संपतं तरी बायबलमध्ये आहे. आणि येशू वधस्तंभावर 'माझ्या देवा, का सोडलंस' म्हणाला ते स्तोत्र 22 चंच सुरुवातीचं वाक्य, म्हणजे तक्रार हीपण प्रार्थनाच की.

उत्तर: पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 ला गेली, त्या स्वतः 1922 ला. शेवटपर्यंत केडगावला बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. कसं जमलं असेल देव जाणे.

प्रश्नकर्ती: 88 मोबाईलवर वाचतेय. आमच्याकडे हे कधी वाचल्याचं आठवत नाही, का बरं?